सेंगोकू मॉडमध्ये कुणी फुटत का नाही? कुमक, भरवसा आणि ताकेदांचा शेवट

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्रुसेडर किंग्ज ३ या गेमवर सेंगोकू काळातल्या, म्हणजे घराण्याघराण्यांत सतत लढाया चालू असलेल्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जपानचा मॉड (चाहत्यांनी मूळ गेममध्ये केलेला बदल) तयार होतोय. डिफाइन्समधली (गेमच्या मूलभूत आकड्यांच्या फाइलमधली) शेवटची तारीख पुढे नेली, कारण मूळ गेम १४५३ ला संपतो आणि ज्याने हा काळ सुरू झाला ते ओनिनचं युद्धच १४६७ ला सुरू होतं. २०२५ च्या ऑल अंडर हेवन विस्तारात जपान नकाशावर आल्यामुळे जमीन आयती मिळाली. घराणी, वंशावळी, चिन्हं सगळं भरून झालं. पण गेम एआयवर सोडून दिला की तीस-चाळीस वर्षांत नकाशावर चार-पाच मोठे रंग उरतात. कुणी कुणाला सोडून जात नाही. एक मोठी लढाई हरलेलं घराणं लगेच संपतं, जिंकलेलं फुगत जातं. विचारणाऱ्याने म्हटलंय, "एआय जास्त आक्रमक करू की कमी?"

दोन्ही नको. आक्रमकपणाच्या आकड्याला हातसुद्धा लावू नका. अडचण वेगळीकडे आहे: तुमच्या मॉडमध्ये निर्णय घराणं घेतं. सेंगोकूत निर्णय घेणारा माणूस घराण्याच्या प्रमुखाच्या दोन पायऱ्या खाली बसलेला होता. एखाद्या खोऱ्याचा, एखाद-दोन किल्ल्यांचा धनी. जपानी इतिहासात त्यांना कोकुजिन किंवा कुनिशू म्हणतात. आपण नकाशावर "ताकेदा" (काई प्रांताचं मोठं घराणं) म्हणून जो रंग भरतो, त्यातला बराच भाग अशा लोकांचा होता, आणि त्यांची जमीन ताकेदांनी दिलेली नव्हती. ती वाडवडिलांची होती. ताकेदांनी शिक्क्याचं पत्र देऊन ती फक्त मान्य केली होती. त्या पत्राच्या बदल्यात सरदाराने ठरलेली माणसं घेऊन मोहिमेवर जायचं, आणि सरदाराच्या किल्ल्याला वेढा पडला तर धन्याने कुमक घेऊन यायचं. या व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग तुमच्या मॉडमध्ये नाहीच. गेममधलं "ओपिनियन" म्हणजे धनी मला आवडतो की नाही. सीमेवरच्या सरदाराचा प्रश्न आवडीनिवडीचा नव्हता. माझ्या तटाबाहेर शत्रूची निशाणं लागली तर हा येईल का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

हे किती खोल जातं ते पाहायचं तर सात वर्षांतले तीन वेढे शेजारी-शेजारी ठेवा. माझ्या मते सेंगोकूवर मॉड करणाऱ्या प्रत्येकाने बाकी काही करण्याआधी हे तीन वेढे कागदावर मांडावेत.

पहिला १५७४ चा, तोतोमी प्रांतातला ताकातेन्जिन किल्ला. किल्ला तोकुगावा इएयासूच्या बाजूचा. ताकेदा कात्सुयोरीने वेढा घातला. इएयासूकडे एकट्याने वेढा मोडण्याइतकं बळ नव्हतं, त्याने आपला बलाढ्य मित्र ओदा नोबुनागा याच्याकडे मदत मागितली. नोबुनागा निघाला, पण तो वाटेत असतानाच किल्ला पडल्याची बातमी आली. ज्या किल्ल्यावर ताकेदांचा आधीचा प्रमुख, खुद्द शिंगेन, याचं काही चाललं नव्हतं, तो त्याच्या मुलाने घेतला. कात्सुयोरीचा भाव वधारला आणि इएयासूचा उतरला.

दुसरा पुढच्याच वर्षीचा, १५७५, नागाशिनो. हे नाव आलं की सगळे बंदुकांबद्दल बोलू लागतात, पण वेढा कशासाठी होता ते पाहा. किल्लेदार ओकुदायरा सादामासा हा आधी ताकेदांचा होता. १५७३ मध्ये शिंगेन वारल्यावर तो फुटून इएयासूकडे गेला होता. ताकेदांनी त्याचे ओलीस ठेवलेले नातलग मारले होते. आता किल्ल्यात जेमतेम पाचशे माणसं आणि बाहेर कात्सुयोरीची प्रचंड फौज. तोरी सुनेएमोन नावाचा एक साधा शिपाई रात्री वेढ्यातून निसटला, ओकाझाकीला पोचला, कुमक निघतेय हे स्वतः पाहिलं आणि ती बातमी आत पोचवायला परत फिरला. परतताना तो सापडला. शत्रूने सांगितलं, तटासमोर उभा राहून ओरड की कुणी येत नाही, जीव वाचेल. त्याने ओरडून सांगितलं की कुमक येतेय, धीर धरा. त्याला तिथेच खांबावर चढवून मारलं. किल्ला टिकला. नोबुनागा आणि इएयासू खरोखर आले आणि ताकेदांचे यामागाता मासाकागे, बाबा नोबुहारू यांच्यासारखे जुने सेनानी त्या दिवशी पडले. इएयासूने पुढे आपली मुलगी ओकुदायराला दिली. एका फुटून आलेल्या लहान सरदाराच्या एका किल्ल्यासाठी दोन मोठी घराणी धावून आली, ही बातमी मिकावा आणि तोतोमीतल्या प्रत्येक गढीत पोचली असणार.

तिसरा वेढा पुन्हा ताकातेन्जिनचा, पण बाजू उलट. नागाशिनोने ताकेदा संपले नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पराभवानंतरही त्यांचा मुलूख उभा होता. १५८० मध्ये तर सानादा मासायुकीने त्यांच्या वतीने कोझुकेतला नुमाता किल्ला घेतला. नकाशाकडे पाहिलं तर घराणं वाढत होतं. त्याच सुमाराला इएयासूने ताकातेन्जिनभोवती लहान गढ्यांची साखळी बांधून रसद तोडली. आत ओकाबे मोतोनोबू हा किल्लेदार, आणि शिबंदीत ताकेदांच्या वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं. कात्सुयोरी आला नाही. पूर्वेला होजो घराण्याशी युद्ध सुरू होतं, नोबुनागाशी तहाची बोलणी चालली होती. कारणं खरी होती, पण उपाशी शिबंदीच्या दृष्टीने त्यांना किंमत नव्हती. शरण येऊ पाहणाऱ्यांना घेऊ नका, असं नोबुनागाने पत्रातून सुचवलं. किल्ला त्याला हवाच होता, पण कात्सुयोरी आपल्या माणसांना वाचवू शकत नाही हे साऱ्या मुलखाला दिसावं, ही त्याची खरी इच्छा. १५८१ च्या वसंतात ओकाबे उरलेल्यांना घेऊन बाहेर पडला आणि शेकडो माणसं कापली गेली.

वर्षभराच्या आत, १५८२ च्या सुरुवातीला, किसो योशिमासा फुटला. तो शिंगेनचा जावई होता. मग आनायामा बाइसेत्सू गेला, शिंगेनचा भाचाही आणि जावईही. किल्ल्यांमागून किल्ले लढाईशिवाय सोडले गेले. ताकातो किल्ल्यावर कात्सुयोरीचा सावत्र भाऊ निशिना मोरिनोबू लढून मेला, पण तसा तो जवळपास एकटाच. कात्सुयोरीने नुकताच बांधलेला शिन्पू किल्ला स्वतः जाळला आणि ओयामादा नोबुशिगेच्या भरवशावर निघाला. ओयामादाने वाट अडवली. किसोच्या फितुरीपासून कात्सुयोरीच्या मरणापर्यंत फार तर दीड महिना गेला.

आता स्वतःला विचारा, तुमच्या मॉडमध्ये हे घडू शकतं का? मोठा पराभव पचवून सात वर्षं उभं राहिलेलं घराणं एका न वाचवलेल्या किल्ल्यानंतर वर्षभरात कोसळणं? सध्या नाही घडू शकत. ते घडू लागेल त्या दिवशी तुमचा मॉड सेंगोकूचा झाला असं समजा.

त्यासाठी काय करायचं ते सांगतो. प्रत्येक कुनिशू पात्रावर एक व्हेरिएबल ठेवा, त्याला "भरवसा" म्हणू. शून्य ते शंभर, सुरुवात साठच्या आसपास. हा आकडा ओपिनियनमध्ये मिसळू नका. मेजवानी, शिकार, भेटवस्तू यांनी तो हलता कामा नये. तो हलवणाऱ्या गोष्टी फार थोड्या असाव्यात. वेढा पूर्ण होऊन किल्ला पडला की चालणाऱ्या ऑन-अ‍ॅक्शनमध्ये तपासा: वेढा किती दिवस चालला आणि त्या काळात धन्याची फौज शेजारच्या प्रांतात तरी आली होती का. आली आणि हरली तर भरवसा थोडाच घटवा, कारण येऊन हरणारा धनी आणि न येणारा धनी यांत सरदारांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक होता. आलीच नाही तर जबर घट. आणि ही घट पडलेल्या किल्ल्याच्या मालकापुरती ठेवू नका. त्याच धन्याच्या सीमेवर असलेल्या सगळ्या सरदारांना ती लागू झाली पाहिजे, अंतराप्रमाणे कमी-कमी होत. शिबंदीत ज्यांची माणसं होती त्यांना पूर्ण. वेढा जितका लांबला तितकी बातमी जास्त पसरली, म्हणून दिवसांच्या संख्येने गुणा. उलट वेढा मोडला तर सगळ्यांचा भरवसा वाढवा, आणि लहान सरदारासाठी मोठी फौज आली असेल तर वाढ दुप्पट. नागाशिनो तिथे बसतो.

एक तांत्रिक सूचना. हे सगळं रोजच्या पल्सवर (गेम ठरावीक काळाने आपोआप चालवतो त्या तपासणीवर) चालवू नका, गेम रांगायला लागेल. बदल फक्त घटना घडल्यावर करायचा, आणि फुटण्याचा विचार वार्षिक पल्सवर, तोही सीमेवर जमीन असलेल्यांपुरता. इव्हेंटला मागे-पुढे काही महिन्यांचा यादृच्छिक उशीर द्या, नाहीतर दर एक जानेवारीला अर्धं जपान बाजू बदलेल. धनी बदलताना अर्धवट युद्धं आणि ताब्यातले किल्ले लटकत राहतात, ते त्याच इफेक्टमध्ये साफ करा. हा भाग रटाळ आहे, पण त्यात आळस केला तर खेळणाऱ्याला पहिल्याच तासात भूत-वेढे दिसतील.

फुटण्यासाठी कमी भरवसा पुरेसा नसावा. पलीकडून बोलावणं यायला हवं. नोबुनागा आणि त्याच्यानंतर जपान एकत्र आणणारा हिदेयोशी यांच्या विजयांतला मोठा वाटा लढाईआधी पाठवलेल्या पत्रांचा आहे, तेव्हा शेजारच्या धन्याला एक डिसिजन द्या: अमुक सरदाराला त्याची जुनी जमीन तशीच ठेवण्याचं लेखी वचन. वचनात जादा जमीनही घालता येईल, पण ती कुठून देणार हे इंजिनने तपासलंच पाहिजे, म्हणजे वचनं फुकट वाटता येणार नाहीत. सरदार मग तीन गोष्टी तोलतो: माझा भरवसा किती उरलाय, वचन देणारा किती जवळ आणि किती बळकट आहे, आणि यापूर्वी फुटून गेलेल्यांचं त्याने काय केलं. तिसरी गोष्ट विसरू नका. ओयामादा नोबुशिगेने कात्सुयोरीला ऐन वेळी सोडलं आणि ओदांनी त्यालाच बेइमान म्हणून मारलं. म्हणजे फितुरीची वेळसुद्धा महत्त्वाची. लवकर फुटणारा किसो वाचला आणि बक्षीसही घेऊन गेला, अगदी शेवटी फुटणारा मेला. इव्हेंटमध्ये धन्याची स्थिती जितकी खालावलेली, तितकी फुटणाऱ्याची किंमत कमी असा सरळ संबंध बांधा. त्यामुळे एआय सरदार लवकर निर्णय घेऊ लागतील आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडझड आपोआप दिसेल, तिच्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागणार नाही.

ओलीस आणि सोयरीक यांचं काय, असं कुणीही विचारेल, कारण बेस गेममध्ये लग्न म्हणजे पक्का तह. इथे तसं नको. किसो जावई असूनही गेला, त्याची शिन्पूमध्ये ओलीस असलेली आई आणि मुलं मारली गेली, तरी गेला. अझाई नागामासाच्या घरात नोबुनागाची सख्खी बहीण ओइची होती. १५७० मध्ये नोबुनागाने असाकुरांवर चाल केली तेव्हा अझाईंनी जुन्या मित्राची बाजू घेऊन पाठीमागून वाट बंद केली. होन्नोजीत आकेची मित्सुहिदेने आपल्या धन्यावर, नोबुनागावर, उलटून त्याला संपवलं, त्यानंतर त्याला वाटलं होसोकावा आपल्याकडे येतील, त्याची मुलगी त्या घरात सून होती. होसोकावा बाप-लेकांनी नोबुनागाच्या शोकात डोकं भादरलं आणि घरीच बसले. तेव्हा सोयरीक आणि ओलीस यांना कुलूप म्हणून लिहू नका, किंमत म्हणून लिहा. फुटलास तर हे जाईल, असं सरदाराच्या तराजूत एक वजन टाका, बस. ओलीस मारण्याचा निर्णय धन्याकडे द्या आणि मारल्यास इतर ओलीसवाल्यांचा भरवसा घटवा.

इथून पुढचा टप्पा म्हणजे बाजू न घेणारे. गेमच्या युद्धात माणूस एकतर या बाजूला असतो किंवा त्या बाजूला. १६०० मध्ये इएयासू आणि त्याच्याविरुद्धची पश्चिम फौज यांच्यातल्या सेकिगाहाराच्या लढाईच्या सकाळी मैदानावर तिसरा प्रकार मोठ्या संख्येने उभा होता. मात्सुओ टेकडीवर कोबायाकावा हिदेआकी बराच वेळ हलला नाही, मग उतरून आपल्याच पश्चिम फौजेवर तुटून पडला. नांगू डोंगरावर पश्चिम बाजूच्या मोरी घराण्याची मोठी फौज होती. पुढे उभ्या असलेल्या किक्कावा हिरोइएने आधीच इएयासूशी बोलणं केलं होतं, तो हलला नाही आणि त्याच्या मागची माणसं दिवसभर लढाईत आलीच नाहीत. हे आणायचं तर युद्धात बोलावल्यावर सरदाराने द्यायची फौज भरवशाच्या प्रमाणात ठरवा. ऐंशीच्या वर पूर्ण, चाळीसच्या खाली निम्मीसुद्धा नाही, आणि मधल्या पट्ट्यात "वाट पाहतोय" अशी अवस्था: माणसं मोहिमेत आहेत, पण लढाईत उतरतील की नाही हे पहिल्या चकमकीच्या निकालावर. एआय युद्ध सुरू करण्याआधी बळाची तुलना करतो. ते बळच असं डळमळीत झालं की मोठे रंग आपोआप सावध होतात. तुम्हाला आक्रमकपणाचा आकडा बदलायचा होता, ते काम हेच करून टाकतं.

शोगन २ हा गेम खेळलेल्यांना त्यातला शेवटचा टप्पा आठवेल: तुम्ही पुरेसे मोठे झालात की सगळं जपान तुमच्यावर उठतं. गेम म्हणून तो थरारक आहे, पण तुमच्या मॉडमध्ये तो आणू नका, असं मी ठामपणे सांगेन. नोबुनागाभोवती १५७० नंतर जे कडं पडलं त्यामागे शोगन आशिकागा योशिआकीचा हात होता, ठिकठिकाणी पत्रं पाठवून माणसं जोडणारा. नुसत्या आकाराने कडं पडलं नाही. हिदेयोशीच्या वेळी तर उलटच झालं. १५८५ मध्ये चोसोकाबे मोतोचिका शरण आला आणि तोसा प्रांत राखून राहिला. १५८७ मध्ये शिमाझू शरण आले आणि सात्सुमा त्यांच्याकडेच राहिला. मोठ्याला शरण जाऊन आपली मूळ भूमी वाचवणं हा त्या काळातला शहाणपणाचा मार्ग होता, आणि खेळणाऱ्यालाही तो खरा पर्याय वाटला पाहिजे. होजोंनी उशीर केला. त्यांच्या एका सरदाराने १५८९ मध्ये सानादांचा नागुरुमी हा लहानसा किल्ला बळकावला, हिदेयोशीला निमित्त मिळालं आणि १५९० मध्ये ओदावारा पडलं.

तांदळाच्या हिशेबाबद्दल थोडक्यात. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, सुमारे १५० किलो तांदूळ. शिपायाला दिवसाला सहा गो तांदूळ धरला, आणि एक कोकू म्हणजे हजार गो, तर दहा हजारांच्या फौजेला रोज ६० कोकू, म्हणजे नऊ टन लागतात. हा आकडा गेमच्या रसदीत उतरवा, म्हणजे लांबचे वेढे महाग होतील आणि कुमक न येण्यामागे खरी कारणं राहतील. प्रांतांच्या उत्पन्नासाठी १५९८ चे आकडे वापरतात: ओवारी सुमारे ५.७ लाख कोकू, काई सुमारे २.३ लाख, एकूण जपान सुमारे १ कोटी ८५ लाख. दहा हजार कोकूमागे अडीचशे ते तीनशे माणसं हे ढोबळ प्रमाण चालतं. मात्र १५९८ चे आकडे १५६० ला जसेच्या तसे टाकू नका, ते हिदेयोशीच्या जमीनमोजणीनंतरचे आहेत. पूर्वेकडे होजो तर उत्पन्न आणि सैन्याची जबाबदारी नाण्यांत मोजत होते, त्यामुळे कोकूच्या मागे एक सामाईक अंतर्गत एकक ठेवणं सोयीचं पडतं.

होंगान्जीचं, म्हणजे एका बौद्ध पंथाच्या मुख्य मठाचं, मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण जवळजवळ प्रत्येक मॉडमध्ये त्याला एका रंगाचं घराणं करून टाकतात. कागा प्रांत त्या पंथाच्या लोकांनी १४८८ पासून १५८० पर्यंत चालवला, त्यामुळे मोह होतो. पण त्यांची ताकद जमिनीत नव्हती, ती प्रत्येक प्रांतातल्या गावागावांत बसलेल्या अनुयायांत होती. १५६३-६४ मध्ये मिकावात इएयासूविरुद्ध उठाव झाला तेव्हा त्याचेच सरदार पंथाच्या बाजूने त्याच्यावर चालून आले. होंडा मासानोबू त्यांपैकी एक. काही वर्षांनंतर तो परतला आणि इएयासूचा सर्वांत जवळचा सल्लागार झाला. म्हणून पंथाला दुसऱ्या भरवशाच्या रूपात लिहा: एका सरदाराच्या मनात धनी आणि मठ असे दोन आकडे. ज्या दिवशी मठ हाक देतो त्या दिवशी ज्याचा आकडा मोठा त्याच्या बाजूला माणूस जातो, आणि हाक थांबल्यावर परत येण्याची वाट उघडी राहते. ओसाकाच्या इशियामा किल्ल्याला मात्र प्रत्यक्ष जागा द्या, आणि त्याला समुद्राकडून रसद मिळू द्या. १५७६ मध्ये मोरींच्या आरमाराने ओदांची नाकेबंदी मोडून आत धान्य पोचवलं होतं. १५७८ मध्ये कुकी योशिताकाच्या मोठ्या जहाजांनी ती वाट बंद केली.

बंदुकांसाठी वेगळं युनिट बनवून त्याला मोठा आकडा देण्यात काही अर्थ नाही. तोड्याची बंदूक १५४३ मध्ये तानेगाशिमाला पोचली आणि कुनितोमो, साकाई, नेगोरो इथले लोहार थोड्याच काळात ती बनवू लागले, तेव्हा नळी ही अडचण नव्हती. बंदुकीच्या दारूत लागणारा सोरा आणि गोळ्यांचं शिसं ही अडचण होती. सोरा मोठ्या प्रमाणात बाहेरून यायचा. जपानी रणमैदानांवर सापडलेल्या गोळ्यांपैकी काहींतलं शिसं थायलंडमधल्या खाणीचं निघालं आहे. क्युशूच्या ओतोमो सोरिनने तर पोर्तुगीज पाद्र्यांना विनवलं होतं की सोरा आम्हाला द्या, मोरींना देऊ नका. या व्यापाराचं एक टोक आपल्याकडे आहे: फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून मलाक्कामार्गे कागोशिमाला पोचला, आणि पुढे मकाव ते नागासाकी जाणारी जहाजंही गोव्यापासून सुरू होणाऱ्या त्याच वाटेवरची. मॉडमध्ये बंदूकधाऱ्यांचा खर्च बंदर ताब्यात असण्यावर किंवा बंदरवाल्याशी मैत्री असण्यावर अवलंबून ठेवा. डोंगरात अडकलेल्या काईला बंदुका परवडू नयेत, एवढं झालं की पुरे. नागाशिनोच्या तीन रांगा आलटून-पालटून फैर झाडतात असं खास कौशल्य मात्र लिहू नका. ते वर्णन नंतरच्या काळात रंगलं आहे आणि आज इतिहासकार ते जसंच्या तसं स्वीकारत नाहीत.

सुरुवातीची तारीख. तुमची १५६० च्या वसंतातली आहे, म्हणजे ज्या लढाईत नोबुनागाने चालून आलेल्या इमागावा योशिमोतोला मारलं त्या ओकेहाझामाच्या आधीची. मोह समजतो, पण ती लढाई गेममध्ये क्वचितच इतिहासासारखी लागेल. बहुतेक वेळा इमागावा योशिमोतो ओवारी गिळेल आणि नोबुनागा पहिल्या वर्षात जाईल. तारीख त्याच वर्षीच्या शरदात न्या. योशिमोतो मेलाय, त्याचा मुलगा उजिझाने गादीवर आहे आणि इमागावांच्या सरदारांचा भरवसा नुकताच ढासळू लागलाय. तरुण मात्सुदायरा मोतोयासू, पुढचा इएयासू, ओकाझाकीत बसून अंदाज घेतोय. त्याच्या नावातलं "मोतो" योशिमोतोने दिलेलं आहे, ते त्याने १५६३ मध्ये टाकलं, यावर एक सुंदर इव्हेंट होईल. एचिगोचा उएसुगी केन्शिन मिकुनी खिंड ओलांडून कांतोत, पूर्वेकडच्या सपाट प्रदेशात, उतरतोय आणि तिथले सरदार त्याच्याकडे धावताहेत. पुढच्या वसंतात तो होजोंच्या ओदावाराला धडकेल, आणि तो एचिगोला परतला की त्यातले कितीतरी पुन्हा होजोंकडे जातील, कारण डोंगरापलीकडचा धनी कुमक घेऊन येऊ शकत नाही. अझाई नागामासाने नुकतीच रोक्काकूंची ताबेदारी झुगारलीय. शिकोकूत मोतोचिका याच वर्षी गादीवर आलाय. भरवशाची यंत्रणा दाखवायला याहून चांगलं दृश्य तुम्हाला मिळणार नाही.

नकाशावर खिंडी मात्र हाताने घाला. मिकुनी खिंड हिवाळ्यात बंद किंवा अतिशय महाग असलीच पाहिजे, नाहीतर केन्शिनची सगळी अडचण नाहीशी होते.

तपासणीसाठी कन्सोलमधून ऑब्झर्व्ह (कुणी न खेळता गेम नुसता पाहण्याची सोय) लावून गेम रात्रभर चालत ठेवा, आणि प्रत्येक धनीबदलाला लॉगमध्ये एक ओळ लिहू द्या: कोण, कुणाकडून कुणाकडे, भरवसा किती होता, शेवटचा न वाचवलेला किल्ला कोणता. सकाळी नकाशा उघडू नका, आधी ती यादी वाचा. बहुतेक धनीबदल एखाद्या पडलेल्या किल्ल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत झालेले दिसले तर यंत्रणा बरोबर चालतेय. शांत काळात विनाकारण बदल दिसत असतील तर बोलावण्याची पत्रं फार स्वस्त झालीत. एकाच धन्याचे सगळे सरदार एका महिन्यात गेले असतील तर अंतराप्रमाणे घट कमी होत नाहीये. आणि अधूनमधून एखादा ताकातोसारखा शेवटपर्यंत लढणारा दिसायला हवा. तो दिसत नसेल तर रक्ताच्या नात्याचं वजन वाढवा, विशेषतः सावत्र-सख्ख्या भावांचं.

पहिल्या आवृत्तीत सगळा जपान देऊ नका. ओवारी, मिकावा, तोतोमी, सुरुगा, काई, शिनानो एवढे सहा प्रांत कुनिशूंसकट नीट भरा, बाकीच्यांत सध्या एकेक घराणं राहू द्या. या सहांत कोणत्या सरदाराचा किल्ला कुठल्या वाटेवर होता, त्याने कधी कुणाची बाजू घेतली, हे बऱ्यापैकी माहीत आहे, त्यामुळे लॉगमधली यादी इतिहासाशी ताडून पाहता येते. आकडे तिथे बसले की मग कांतो घ्या, कारण केन्शिन आणि होजो यांच्यामधल्या सरदारांची ये-जा ही त्याच नियमाची सर्वांत कठीण परीक्षा आहे. क्युशू शेवटी, बंदरं आणि सोऱ्याचा व्यापार लिहून झाल्यावर.